फॉरमॅट मारण्याआधी

या शहराची पाटी आधी 'नया रायपुर' अशी होती. २०१८ साली अटल नगर हे नाव आलं आणि पुढे 'नया'चं 'नवा' झालं. छत्तीसगढीतला नवा आणि मराठीतला नवा एकच. जुन्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेल्या माझ्यासारखीला ती पाटी वाचताना घरातलंच कुणी बोललं असं वाटतं. इथे रस्ते नवे, सेक्टर नवे, मंत्रालय नवं. पण इथल्या गाड्यांच्या स्टीरिओत, देवळातल्या स्पीकरमध्ये, आयांच्या जुन्या फोनमध्ये जे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं बसलेली आहेत, त्यांतल्या पुष्कळांवरची फाइली ठेवायची मांडणी १९९६ सालची आहे. फॅट-३२ तिचं नाव. तिच्याशी माझा संबंध रोजचा, आणि एकदा तो फार महागात पडलेला. म्हणून ही टिपणं.

*

सेक्टर २७ मधून जुन्या रायपूरला जायला आम्ही तिघीजणींनी मिळून एक गाडी ठरवली आहे. चालक आरंगकडचा. त्यानं नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, पंथी गीतं आणि नवरात्रातली जसगीतं भरून आणली, आणि गाडीत लावून गप्प बसून राहिला. "दीदी, गाना नइ चलत हे."

स्टीरिओ म्हणत होता, फाइल नाही. लॅपटॉपवर तीच गाणी छान वाजत होती. दुकानदार म्हणाला होता ड्राइव्ह खराब आहे, बदलून घ्या, वर थोडे पैसे द्या. ड्राइव्ह धडधाकट होता. त्यावरची मांडणी एक्सफॅट नावाची दुसरीच होती, आणि गाडीतल्या स्टीरिओला फक्त फॅट-३२ वाचता येत होती. दोघांची भाषा जुळत नव्हती, इतकंच.

*

हे त्याला सांगताना मला आपल्या छोट्या लाइनचा आधार मिळाला. रायपूर–धमतरी ही नॅरोगेज १९०० साली सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर होतं. नवा रायपूरच्या अंगणातलं केंद्री हे त्याच लाइनवरचं स्टेशन होतं. डबा कितीही चांगला असला, तरी बड्या लाइनचा डबा छोट्या लाइनवर चालणार नाही, कारण चाकांमधलं अंतर वेगळं. पेनड्राइव्हवरची मांडणी म्हणजे हे रुळांचं अंतर. फॉरमॅट करणं म्हणजे रूळ उखडून दुसऱ्या मापाचे टाकणं. आणि रूळ उखडताना त्यावर उभे असलेले डबे आधी हलवावे लागतात.

त्याला लगेच कळलं. त्याचे आजोबा त्या गाडीनं राजिमला जायचे.

*

फॅट म्हणजे फाइल ॲलोकेशन टेबल. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यानं १९७७ साली फ्लॉपीसाठी तिची पहिली आवृत्ती लिहिली. पुढे १२ बिटांची आली, मग १६ बिटांची, आणि ऑगस्ट १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर ३२ बिटांची.

ती चालते कशी, ते दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कथा पान ४० वर सुरू होते, तळाशी लिहिलेलं असतं, 'उर्वरित भाग पान ११२ वर'. तिथून पुढचा तुकडा १८७ वर. फॅटमध्ये अगदी हेच आहे. ड्राइव्हची जागा समान तुकड्यांत वाटलेली असते, त्यांना क्लस्टर म्हणतात. प्रत्येक फाइलच्या नावापुढे पहिला तुकडा कोणता ते लिहिलेलं असतं, आणि टेबलमध्ये प्रत्येक तुकड्यापुढे 'उर्वरित इथे' अशी नोंद. शेवटच्या तुकड्यापुढे 'समाप्त'. या टेबलच्या सहसा दोन प्रती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

इतकी सोपी रचना असल्यामुळेच ती जगात सगळ्यांना जमली. स्वस्तातला स्पीकर बनवणाऱ्यालाही जमली. आजचा नवाकोरा लॅपटॉपसुद्धा चालू होताना आधी एक छोटा फॅट विभाग वाचतो, आणि मग विंडोज किंवा लिनक्स उठतं. तीस वर्षांची झाली म्हणून तिला भंगार म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

*

आता क्विक फॉरमॅट. त्यात पानं फाडली जात नाहीत. अनुक्रमणिका कोरी होते, 'उर्वरित पान अमुक' या साऱ्या नोंदी पुसल्या जातात. मजकूर जागच्या जागी राहतो, फक्त त्याच्याकडे जायची वाट उरत नाही. पूर्ण फॉरमॅट वेगळा: विंडोज व्हिस्टापासून पुढे तो सगळ्या ड्राइव्हवर शून्य लिहीत जातो, म्हणून त्याला वेळ लागतो. एक्सपीच्या काळातला पूर्ण फॉरमॅट फक्त खराब जागा तपासायचा.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना जातात. चुकून क्विक फॉरमॅट झाला, तर आशा आहे. आणि पेनड्राइव्ह कुणाला देऊन टाकायचा असेल, तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. तुमच्या आधारची प्रत, पासबुकाचा फोटो त्यात अजून असू शकतो. ऑफिसात निवृत्त होणाऱ्यांचे ड्राइव्ह मी नेहमी पूर्ण फॉरमॅटला लावते आणि जेवायला जाते.

*

मावशीचं लिहायचं टाळत होते.

मावशी यवतमाळकडची. लग्न होऊन रायपूरला आली आणि साठ वर्षं इथेच राहिली. हिंदी, छत्तीसगढी दोन्ही सफाईनं बोलायची, पण जात्यावरच्या ओव्या वऱ्हाडीतच. जातं कधीच गेलं होतं. ओव्या दुपारी भाजी निवडताना यायच्या. एका दिवाळीत मी फोनवर त्या रेकॉर्ड केल्या, थोड्या थोड्या, चार दिवस. भावावरच्या, पंढरीच्या, एक सासऱ्यावरची जी गाताना ती हसायची. तेवीस तुकडे झाले. सगळे फोनच्या १६ जीबीच्या मेमरी कार्डात. पुढच्या वर्षी मावशी गेली.

त्यानंतरच्या गणपतीत स्पीकरसाठी पेनड्राइव्ह तयार करायचा होता. तोही १६ जीबीचा. फोन बदलला होता, म्हणून जुन्या फोनचं कार्ड फोटो काढून घ्यायला लॅपटॉपला लावलेलं होतं. पेनड्राइव्हही लावला. खिडकीत दोन ड्राइव्ह दिसत होते, एक ई आणि एक एफ. दोन्ही सारख्या आकाराचे, दोन्ही बिननावाचे. बाहेर लोक आरतीसाठी थांबले होते. मी ई वर फॉरमॅट मारला आणि लगेच त्यात आरत्या भरल्या.

ई हे कार्ड होतं.

*

तेव्हा कळलं नाही, ते आता समजतं. फॉरमॅटनं मावशीला पुसलं नव्हतं. आरत्यांनी पुसलं. कोऱ्या केलेल्या ड्राइव्हवर नवी फाइल सहसा सुरुवातीच्या मोकळ्या तुकड्यांत जाऊन बसते. कार्डाच्या सुरुवातीला सगळ्यात जुनं सामान असतं. म्हणजे पहिल्या दिवशी, अजून लाजत लाजत गायलेल्या ज्या ओव्या होत्या, नेमक्या त्यांच्यावर आरत्या लिहिल्या गेल्या.

चूक लक्षात आल्याक्षणी कार्ड बाहेर काढायचं. त्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. परत मिळवण्याचं साधन लॅपटॉपवर घ्यायचं आणि मिळालेल्या फाइलीही लॅपटॉपवरच उतरवायच्या, त्या कार्डावर नाही. मी हे दुसऱ्या दिवशी केलं, म्हणून काहीतरी हाती लागलं. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही क्रिस्तोफ ग्रेनिए यांची मोफत साधनं आहेत. टेस्टडिस्क हरवलेला विभाग आणि फोल्डर शोधते. फोटोरेक अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. ती पानं चाळत जाते आणि मजकुराच्या सुरुवातीची खूण ओळखून 'ही फोटोची फाइल, ही आवाजाची' असं वेगळं काढते. नावं आणि तारखा मिळत नाहीत. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल तर ती मध्येच तुटते, कारण 'उर्वरित कुठे' हे सांगणाऱ्या नोंदी गेलेल्या असतात.

तेवीसपैकी चौदा मिळाल्या. त्यांतल्या तीन मध्येच तुटलेल्या. सगळ्यांची नावं आकड्यांची. मी आणि मावशीची सून, दोघी तीन रात्री बसून एकेक ऐकत नावं देत होतो. सासऱ्यावरची ओवी आहे, पण शेवटचं हसणं नाही.

*

पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लिहून घेतल्या. त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रणही झालं, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी त्यात मावशीच्या हरवलेल्या ओव्या शोधल्या. शब्द जवळपास जाणारे सापडले. चाल वेगळी, आवाज तर अर्थातच दुसऱ्या कुणाचा. त्या बायकांची मी ऋणी आहे.

*

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे.

आधी बाकीचे सगळे ड्राइव्ह आणि कार्डं हातानं उपसून काढते. लॅपटॉपला एकच ड्राइव्ह. मग तो उघडून आत काय आहे ते डोळ्यांनी पाहते, लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करून. मग सगळं लॅपटॉपच्या एका फोल्डरात कॉपी करते, आणि कॉपी झालेल्यांतल्या दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडते. फाइलींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का बघते. मग ड्राइव्हला नाव देते. फॅटमधलं हे नाव अकरा अक्षरांचं असतं आणि रोमन लिपीतच द्यावं लागतं, म्हणून 'गाडी', 'देऊळ' अशी लहान नावं रोमनमध्ये. मग आकार जुळवते. ६४ चा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण ५८–५९ दिसतो, ३२ चा २९ च्या आसपास. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. खिडकीत २३७ किंवा ४७६ दिसलं, तर ती तुमच्या लॅपटॉपची स्वतःची डिस्क असण्याचा संभव मोठा. हात मागे घ्या.

अक्षरावर, म्हणजे ई की एफ यावर, कधीच विश्वास ठेवत नाही. आज जो ई आहे तो उद्या एफ होतो.

आणि बाहेर कुणी थांबलेलं असताना फॉरमॅट करत नाही.

*

विंडोजमधली डिस्क मॅनेजमेंट उघडली की लॅपटॉपच्या मुख्य डिस्कवर एक शंभर-दोनशे एमबीचा छोटा विभाग दिसतो, त्याला अक्षर नसतं. शेजारच्या सेक्टरमधल्या एका मुलाला वाटलं, ही फुकट गेलेली जागा आहे. हाच तो फॅटमधला विभाग, ज्यातून लॅपटॉप उठतो. तो पुसला की दुसऱ्या दिवशी काळा पडदा. त्याला हात लावू नये.

*

विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपर्यंतच्या ड्राइव्हलाच फॅट-३२ चा पर्याय येतो. त्यापुढे एनटीएफएस आणि एक्सफॅट. लोकांना वाटतं फॅट-३२ ची ताकदच तेवढी. तसं नाही. ड्राइव्हच्या ५१२ बाइटच्या नेहमीच्या सेक्टरवर ती दोन टीबीपर्यंत जाते. ३२ ची मर्यादा खिडकीची आहे. विंडोज एनटीसाठी ती खिडकी तयार करणाऱ्या डेव्ह प्लमर या अभियंत्यानं पुढे जाहीरपणे सांगितलं, की ती तात्पुरती म्हणून केली होती आणि हा आकडा त्यानंच एका सकाळी ठरवला. ती तात्पुरती खिडकी तीस वर्षं टिकली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोज ११ च्या एका चाचणी आवृत्तीत कमांडनं दोन टीबीपर्यंत फॅट-३२ करायची मुभा आली.

आरंगच्या चालकाचा ६४ चा ड्राइव्ह मी रुफस या साधनानं केला. मोफत आहे, पीट बटार यांचं. त्यात वर ड्राइव्हचं नाव येतं ते दोनदा वाचायचं, मांडणी फॅट-३२ निवडायची, आणि पार्टिशनची पद्धत एमबीआर ठेवायची, कारण जुन्या स्टीरिओंना नवी जीपीटी बहुधा कळत नाही. मॅकवर डिस्क युटिलिटीत हाच पर्याय 'एमएस-डॉस (फॅट)' या नावानं असतो. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर सगळ्यात उत्तम, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं. एसडी असोसिएशननं दोन जीबीपेक्षा मोठ्या, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना फॅट-३२ आणि त्यापुढच्यांना एक्सफॅट ठरवून दिलं आहे, आणि कॅमेरा ते पाळतो.

*

"ड्राइव्हमध्ये अकरा जीबी मोकळे आहेत, मग लग्नाचा व्हिडिओ का जात नाही?" एका काकूंचा प्रश्न. फॅट-३२ मध्ये एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. नेमका आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. फाइलची लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा दिलेली आहे, त्यात यापुढचा आकडा मावतच नाही. व्हिडिओचे दोन तुकडे करा, किंवा त्या ड्राइव्हला एक्सफॅट करा आणि टीव्ही तो वाचतो का आधी पाहा. काकूंनी दोन तुकडे केले. मंगलाष्टकांपर्यंत पहिला.

*

देवळातल्या स्पीकरवर आरत्या उलटसुलट वाजतात अशी तक्रार होती. स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे लावत नाहीत, फाइली ज्या क्रमानं कॉपी केल्या त्या क्रमानं वाजवतात. ड्राइव्ह कोरा करून गणपतीची आरती आधी, मग देवीची, अशा एकेक करून फाइली टाकल्या. मंत्रपुष्पांजली शेवटी गेली. नावं मात्र रोमनमध्ये दिली. फॅट-३२ मध्ये देवनागरी नावं नीट राहतात, विंडोज ९५ पासून लांब नावांची सोय आहे. पण छोट्या स्पीकरच्या पडद्यावर त्यांचे चौकोन होतात.

*

एका ओळखीच्यांच्या घरी लेकीच्या बारशाचे सगळे फोटो १ जानेवारी १९८० चे. लेक तेव्हा जन्मलीच नव्हती, आईही नव्हती. फॅटमधली तारीख १९८० पासूनच सुरू होते, त्याआधीचं वर्ष तिला लिहिता येत नाही. काही कॅमेऱ्यांतल्या घड्याळाचा सेल संपला की ते तिथेच जाऊन उभं राहतं. फॉरमॅटच्या आधी तारखेप्रमाणे फोटो वेगळे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 'जुने आहेत, उडवा' म्हणून आम्ही बारसं उडवणार होतो.

*

'या ड्राइव्हचा वापर करण्यापूर्वी तो फॉरमॅट करणं आवश्यक आहे. फॉरमॅट करायचा का?' अशा अर्थाची एक इंग्रजी खिडकी विंडोज दाखवतं. ड्राइव्हवरची मांडणी त्याला वाचता आली नाही, एवढाच तिचा अर्थ. ड्राइव्ह मॅक किंवा लिनक्समधला असेल, लिहीत असताना कुणी उपसला असेल, पोर्ट सैल असेल. फॅटकडे जर्नल नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लिखाणाची वेगळी नोंद ती ठेवत नाही. म्हणून मध्येच उपसलेला ड्राइव्ह हा आजार फार धरतो. २०१८ च्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये पेनड्राइव्ह थेट उपसला तरी चालावं अशी मूळ सेटिंग आहे, तरीही कॉपी चालू असताना काढला तर ती सेटिंग काही करू शकत नाही.

त्या खिडकीत निळं बटण 'फॉरमॅट'वर असतं. दुसरं दाबा. माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी निम्मी माणसं पहिलं दाबून आलेली असतात.

*

बाजारात 'दोन टीबी' लिहिलेला चारशे रुपयांचा पेनड्राइव्ह मिळतो. तो फॉरमॅट होतो, दोन टीबी दाखवतोही. आत प्रत्यक्ष जागा थोडीशीच असते, आणि ती भरल्यावर पुढचं सामान हरवतं किंवा मागच्यावर लिहिलं जातं. एचटूटेस्टडब्ल्यू हे साधन, लिनक्सवर एफथ्री, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. नवा ड्राइव्ह या परीक्षेतून गेल्याशिवाय मी त्यात घरचं काही ठेवत नाही.

*

मावशीच्या चौदा ओव्या आता लॅपटॉपवर, मावशीच्या सुनेकडच्या हार्डडिस्कवर आणि पुण्यातल्या भाचीकडे आहेत.

रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, बिलासपूर इथल्या मराठी घरांत, जुन्या फोनच्या डब्यात अशी कार्डं पडलेली आहेत. कुणाच्या आईचा आवाज त्यात असेल. ती फॉरमॅट करून नातवाच्या गाडीत लावण्याआधी एकदा कॉपी करून घ्या. जमत नसेल तर माझ्याकडे घेऊन या. रविवारी मी घरीच असते, आणि त्या दिवशी लॅपटॉपला दुसरं काहीही लावलेलं नसतं.